मोबाइल धरणारी

“फोनात जो दिसते त्याले त पाहशीनच वो निशे, पन फोन धरून कोन उभं हाय, त्याले बी इचारत जाय.”

सासूबाईंनी, सत्यशीलाबाईंनी, हे म्हटलं तेव्हा निशिगंधा ओट्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. मांडीवर पोरगी ममता झोपलेली. एका कानात इअरफोन, दुसरा कान पोरीच्या श्वासाकडे. पडद्यावर एक माणूस पाठीवर फवारणीचा पंप चढवत होता आणि निशिगंधा त्याला पट्टे कसे आवळायचे ते सांगत होती.

“आमच्या वक्ती वरातीत बाया डोक्शावर गॅसबत्ती घेऊन चालत,” सत्यशीलाबाई सुपातली तूर निवडता निवडता म्हणाल्या. “त्या उजेडात नवरदेव दिसे, घोडं दिसे, नाचनारे दिसत. बत्तीवाली कोनालेच दिसे नाही. मी धरेल हाय, म्हून सांगतो.”

“आई, ही वरात नाही, ट्रेनिंग आहे,” निशिगंधा हसली. “मला फवारणाऱ्याला शिकवायचं आहे. धरणाऱ्याचं काय त्यात?”

“मले काय मालूम. बीएस्सी तू हाय.”

हा टोमणा होता की सांगणं, हे ठरवत बसायला निशिगंधाला वेळ नव्हता. विषय तुरीच्या खड्यांसोबत अंगणात पडला.

निशिगंधा तशी भित्री. पोरगी झाल्यापासून तर फारच. झोपलेल्या ममताच्या नाकाशी बोट धरून ती दहादा बघायची. पोरगी जरा खोकली, की छातीला कान लावायची. नवरा धम्मरत्न वणीला कोळशाच्या गाड्यांवर सुपरवायझर, सुटीला घरी आला की चिडवायचा, “अगं, जगू दे तिला, श्वास तिचा तिला घेऊ दे!” पण हे भित्रेपणच तिच्या कामाला आलं होतं. फवारणीची सुरक्षितता शिकवणाऱ्या संस्थेने घरून काम करणारी बाई हवी म्हटलं, आणि इंद्रजित सरांनी फोनवर दोन प्रश्न विचारून तिला घेतलं. “आम्हाला नजर असलेलं माणूस पाहिजे,” ते म्हणाले होते. नजर तर तिला होतीच.

ते बोंडअळीचं वर्ष. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभ्या माणसाला झाकेल एवढी वाढली होती आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. जो तो पंप घेऊन शेतात उतरला. कोणी दोन औषधं एकत्र करून मारलं, कोणी तीन. आणि मग फवारता फवारता माणसं पडू लागली. चहाच्या टपरीवर, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत तीच चर्चा.

त्याआधी संस्था ट्रेनिंग घ्यायची ते समाजमंदिरात पडदा लावून. मजूर दिवसभराचे थकलेले, अंधार केला की निम्मे तिथेच डुलक्या घेत. उरलेले माना डोलवत आणि सकाळी शेतात जाऊन पंपाचं अडकलेलं नोझल तोंडाने फुंकत. शिकवणं समाजमंदिरात आणि काम वावरात, दोघांची गाठच पडत नव्हती. मग मोबाइलवर व्हिडिओ पाठवून पाहिले. पण पडद्यावर ती चकरी नुसती फिरत राही. व्हिडिओ उतरेपर्यंत फवारणी उरकून माणूस जेवायला बसलेला असे.

मग बंजाऱ्यांच्या तांड्याजवळच्या टेकडीवर टॉवर उभा राहिला. फोर-जी आलं आणि एका झटक्यात काम पालटलं. आता निशिगंधा घाटंजीच्या ओट्यावरून सरळ वावरात उतरू शकत होती. मजूर पंप भरत असतानाच ती बघे, आणि चूक होण्याआधी टोके.

रूपसिंग तिचा पहिला शिकणारा. तांड्यावरचा तगडा गडी, फवारणीला सगळ्या गावातून त्याला बोलावणं. पहिल्या दिवशी संस्थेची किट अंगावर चढवून, चष्मा-मास्क लावून तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, मले फवारनीले धाडून राह्यल्या की चंद्रावर?”

“आधी शेताच्या धुऱ्यापर्यंत जाऊन दाखवा, चंद्राचं मग बघू,” निशिगंधा म्हणाली.

मागून कोणी बाई खुदकन हसली. ती मानीबाई, रूपसिंगची बायको. संस्थेने दिलेला फोन तिच्या हातात होता, म्हणून ती दिसली नाही.

त्याच दिवशी नोझल अडकलं. रूपसिंगने सवयीने मास्क खाली ओढला आणि नोझल तोंडाशी नेलं.

“रूपसिंगभाऊ! तोंड नाही लावायचं!”

मोबाइलमधून आवाज असा काही आला की नोझल त्याच्या हातून मातीत पडलं. “अय्यो! मॅडम त डोळ्यातच येऊन बसल्या!” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशात नोझल साफ करायला दात घासायचा जुना ब्रश होता. आणि आठवडाभरात तोच तांड्यावरच्या पोरांना सांगत फिरायचा, की औषध हाताने नाही, काठीने ढवळायचं. रिकामा डबा धुऊन घरात नाही आणायचा. वारं तोंडावर असेल तर पंप खाली ठेवायचा. समाजमंदिरात वर्षभर सांगून जे झालं नव्हतं, ते हातातलं काम चालू असताना, कानापाशी सांगितल्यावर झालं. इंद्रजित सर म्हणाले, “निशिगंधा मॅडम, ही सगळी करामत नेटवर्कची, पण डोळे तुमचे.” ते वाक्य ती धम्मरत्नला सांगायची, सासूलाही ऐकू जाईल अशा आवाजात.

रूपसिंग फवारायचा त्या वावरात रेंज एकाच जागी चोख होती. पूर्वेच्या उंच बांधावर, मोहाच्या झाडाखाली. तिथून खाली उतरलं की चित्र अडखळे. म्हणून मानीबाईची जागा ठरली: बांधावर, मोहाखाली.

“समोरून धरा, मानीताई. मागून धरलं तर मला त्यांचा मास्क दिसत नाही.”

“हो मॅडम.”

“आणि रूपसिंगभाऊ, वारं पाठीवर घ्या. तुमच्यापासून औषध पुढे पुढे गेलं पाहिजे.”

“घेतलं मॅडम.”

रूपसिंगच्या पाठीवर वारं, आणि त्याच्यासमोर मानीबाई. ही दोन्ही वाक्यं निशिगंधाचीच. वेगवेगळ्या वेळी सांगितलेली, आपापल्या जागी अगदी बरोबर. दोन्ही एकत्र करून तिने कधी पाहिली नाहीत.

किट फवारणाऱ्यापुरती येत होती. मानीबाईच्या तोंडावर पदर असे, तोही फोन धरताना सुटे. तांड्यावरच्या बाया तिला “फोटोग्राफरीन” म्हणून छळायच्या. तिचं लेकरू सासूजवळ, सुखीबाईजवळ, तांड्यावर राही. एकदा कॉल सुरू होता होता फोन उलटा धरला गेला, तेव्हा निशिगंधाला ती क्षणभर दिसली होती. बारीक चणीची, आपल्याच वयाची, दंडावर गोंदलेली. ती लाजून म्हणाली, “मॅडम, तुमची पोरगी कसी हाय? परवा लय खोकलत होती.” घाटंजीतला खोकला हिने वावरात ऐकला होता.

आणि निशिगंधाने?

व्हिडिओ करायचा होता त्या दिवशी ऊन रखरखीत होतं. सरांनी सांगून ठेवलं होतं, की जिल्ह्याच्या बैठकीत दाखवायला एक अख्खा व्हिडिओ हवा, पंप भरण्यापासून हातपाय धुण्यापर्यंत, मध्ये एकही चूक नको. म्हणून फवारणी नेहमीपेक्षा लांबली. रूपसिंग ओळीमागून ओळ घेत बांधाकडे येई, वळे, पुन्हा येई. चित्र आरशासारखं. पऱ्हाटीच्या पानावरची बुंदकी बुंदकी दिसत होती, आणि फवाऱ्याची धुई उन्हात चमकत पुढे सरकत होती.

मग चित्र हलायला लागलं.

“मानीताई, हात स्थिर ठेवा. सगळं थरथरतंय.”

“हो मॅडम.”

जरा वेळ थांबलं. पुन्हा हललं. मागून खोकला आला, मग परत आला.

“मानीताई, खोकताना तोंड जरा बाजूला करा. आवाज रेकॉर्ड होतो त्यात.”

“हो मॅडम.”

रूपसिंग पाठमोरा होऊन लांबच्या टोकाला गेला. पऱ्हाटीने त्याला झाकून घेतलं. आणि चित्र हळूहळू खाली आलं. आधी पानं, मग बांधाचं गवत, मग एकदम आभाळ. आभाळात मोहाची एक फांदी. निशिगंधा म्हणाली, “मानीताई? फोन वर करा.” पडदा काळा झाला.

त्याच वेळी ममता झोपेतून दचकून रडायला लागली. निशिगंधाने इअरफोन काढला, मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि पोरीला छातीशी घेतलं.

“काहून बंद केलं?” सत्यशीलाबाईंनी आतून विचारलं.

“रेंज गेली, आई.”

आपल्याकडे हे दोन शब्द म्हटले की पुढे कोणी विचारत नाही. सोयरिकीचं बोलणं अर्ध्यावर तुटलं, रेंज गेली. भाऊ काही सांगता सांगता गप्प झाला, रेंज गेली. वर्षानुवर्षं तुटकं बोलत आलेली माणसं आपण. कोणाचा आवाज बंद पडला तर दोष टॉवरला द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचं, हे अंगवळणी पडलेलं. टॉवर नवा आला, पण ती खोड जुनीच राहिली.

पोरगी शांत झाल्यावर निशिगंधाने मोबाइल सुलटा केला. कॉल संपलेला होता. तिने परत लावला नाही. जेवढं हवं होतं तेवढं मिळालं होतं. संध्याकाळी तिने साठवलेला व्हिडिओ उघडला, शेवटी नुसतं आभाळ आणि अंधार दिसला, तेवढा भाग आवाज न ऐकता बोटाने ओढून कापून टाकला आणि उरलेला सरांना पाठवला. केवढा मोठा व्हिडिओ, पण ममताची दुधाची बाटली गरम होईपर्यंत पोचलासुद्धा. सरांचं उत्तर आलं, “फर्स्ट क्लास!”

“त्या बाईले लावला का परत?” झोपण्याआधी सत्यशीलाबाईंनी विचारलं.

“उद्या लावते.”

दुसऱ्या दिवशी फोन रूपसिंगचाच आला. व्हिडिओ नाही, साधा. मागे गलका होता.

“मॅडम, मी यवतमाळले हाव, सरकारी दवाखान्यात. माही बायको भरती हाय.”

“काय झालं?”

“बांधावर पडेल होती. मले वाटलं ऊन लागलं. आमी कांदा हुंगवला, सावलीत झोपवलं, पानी मारलं. तोंडातून लाळ गयून राह्यली होती, डोये बारीक झालते. तरी मले सुचलंच नाही मॅडम. तिनं त औषधाले हातबी लावला नोयता. नुसती फोन धरून उभी होती.”

निशिगंधाच्या हातातला चमचा पोरीच्या तोंडाशीच थांबला. तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, हाताला थरथर, अंगाला घाम. ही लक्षणं तिला झोपेत विचारली तरी सांगता आली असती. तीच तर ती शिकवायची. पण काय म्हणून? ‘फवारणाऱ्याला असं झालं तर.’

पोरीला सासूकडे देऊन ती एसटीत बसली. घाटंजी सुटल्यावर तिने मोबाइल काढला. कापलेला तुकडा अजून फोनच्या कचऱ्यात होता. तिने तो परत आणला, इअरफोन दोन्ही कानांत घातले आणि सुरू केला.

आभाळ. मोहाची फांदी. पानं हलत होती, एकेक पान वेगळं दिसत होतं. रेंज कुठेच गेली नव्हती.

तिचा स्वतःचा आवाज आला, “मानीताई? फोन वर करा.” मग एक तळवा आला, चाचपडत, कॅमेऱ्यावर टेकला आणि चित्र काळं झालं. अंधार नव्हताच तो. मानीबाईचा हात होता. पडल्यावरही ती फोन उचलायला बघत होती.

त्या काळोखात ओकारीचा आवाज. मग दम लागलेला, घासलेला आवाज, अगदी कानापाशी.

“मॅडम... दिसून राह्यलं का?”

लांब घाटंजीत एक पोरगी रडत होती आणि तिची आई तिला “अले अले” करत होती, हेही त्यात होतं.

“दिसून राह्यलं का, मॅडम?”

शेजारच्या बाईने निशिगंधाला विचारलं, “काय झालं वो माय, कोनी गेलं का?” निशिगंधाने मान हलवली. हो की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं. सगळी एसटी आपल्याकडेच बघते आहे असं तिला वाटलं. खरं तर कोणीही बघत नव्हतं.

मानीबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. डोळे किलकिले, ओठ सुकलेले, सलाइनच्या हाताला अजून बारीक थरथर. खाली सतरंजीवर सुखीबाई नातवाला घेऊन बसली होती. निशिगंधाला वाटलं होतं, ही म्हातारी आपल्याला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमीच का त्या फोनातल्या बाई?” सुखीबाईने निरखून पाहिलं. “बसा. दुरून आल्या,” आणि रूपसिंगला उठवून स्टूल तिच्याकडे सरकवलं.

“कसं आहे आता?” निशिगंधाने विचारलं.

“वाचली म्हन्ते डाक्तर,” रूपसिंग म्हणाला. “आनाले उशीर झाला म्हन्ते. डोयाचं समजत नाही म्हन्ते, टाइम लागन.” मग मान खाली घालून तो म्हणाला, “मले पाहा मॅडम, अख्खा दिवस औषधात होतो, मले काहीच झालं नाही. तुमच्या ट्रेनिंगनं मी वाचलो.”

तो मनापासून म्हणत होता. निशिगंधाला त्या स्टुलासकट जमिनीत जावंसं वाटलं.

आवाज ऐकून मानीबाईने मान वळवली. तिची नजर निशिगंधाच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, भिंतीवर जाऊन थांबली.

“मॅडम आल्या का?”

“हो, मानीताई. मीच.”

“लास्टले हात हालला माहा.” ती दम घेत बोलत होती. “तुमी सांगून राह्यल्या होत्या, हालवू नोका. मी लय धरून ठेवला. पन नाही थांबला. तुमचा इडिओ बिघडला असन.”

निशिगंधा एसटीत सगळं ठरवून आली होती. सांगायचं होतं, की तुम्हाला धुईत मी उभं केलं. वारं मी सांगितलं, जागा मी सांगितली. तुमचा हात हलला तेव्हा मला व्हिडिओची पडली होती. तुम्ही दोनदा विचारलंत, आणि मी फोन पालथा घातला होता.

तोंडून निघालं ते एवढंच. “नाही हो. चांगला आला व्हिडिओ.”

मानीबाईच्या सुकलेल्या ओठांवर समाधान आलं. “हौ ना? मंग बरं.”

सुखीबाईच्या मांडीवरचं लेकरू पुढे सरकलं आणि निशिगंधाच्या साडीचा काठ धरून उभं राहिलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचीही तिला लाज वाटली.

 घरी आल्यावर सत्यशीलाबाईंनी पाण्याचा गडवा पुढे केला. निशिगंधाने स्वतःहून सगळं सांगितलं, एसटीतलं, दवाखान्यातलं, शेवटी आपण खोटं बोललो तेही. सत्यशीलाबाई ऐकून घेत राहिल्या. गॅसबत्तीचं नाव त्यांनी काढलं नाही. निशिगंधा वाट बघत होती त्या टोमण्याची. तो आला नाही.

“मंग सांगून ये तिले,” एवढंच त्या म्हणाल्या. “मले सांगून काय होते?”

तेवढंच तिच्याने होईना. आधी तिने सरांना फोन केला आणि तेही अर्धंच सांगितलं. धरणाऱ्या बाईला विषबाधा झाली. धरणाऱ्याकडेही लक्ष हवं. सरांनी सगळं लिहून घेतलं. माणूस चांगला होता. आठवडाभरात ठरलं, की किटमध्ये मोबाइल ठेवायला वर दुबेळकं, म्हणजे फाटा, असलेली काठी द्यायची, वारं जिकडून येतं त्या बाजूला ती रोवायची. शेजारी माणूस लागलंच, तर त्यालाही मास्क-चष्मा. आणि प्रत्येक कॉलची सुरुवात धरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून. डोळे, तोंड, हात बघूनच पुढचं. नव्या नेटवर्कवर ही गोष्ट एका दिवसात सगळ्या तालुक्यांत पोचली. ढाणकीकडच्या एका ट्रेनरने अशीच एका पाणी वाहणाऱ्या बाईची थरथर ओळखून तिला वेळेवर हलवलं.

जिल्ह्याच्या बैठकीत इंद्रजित सरांनी तोच व्हिडिओ लावला. मोठ्या पडद्यावर रूपसिंग ओळीतून येत होता, नीट मास्क, नीट चष्मा, वारं पाठीवर. बरोबर चित्र हलायच्या आधी व्हिडिओ संपला. मग सर म्हणाले, “आणि ‘आधी धरणारा’ ही कल्पना आमच्या निशिगंधा मॅडमची.” टाळ्या वाजल्या. निशिगंधा खुर्चीच्या पायाकडे बघत बसली. उठून बोलायला हवं होतं. शेजारच्या मुलीने कोपर मारून म्हटलं, “लाजता काय मॅडम, उठा ना!”

लाजच ती. पण त्या मुलीला वाटली ती नव्हे.

घरी येऊन मग तिने न राहवून तो कापलेला तुकडा परत व्हिडिओला जोडला. आभाळ, काळोख, दोनदा आलेला प्रश्न आणि मागे आपल्या पोरीचं रडणं, सगळं तसंच ठेवलं, आणि सगळ्या ट्रेनरांना पाठवलं. खाली स्वतःच्या आवाजात सांगितलं: यात जी फोन पालथा ठेवून पोरीला घेते आहे, ती मी. चित्र हलतं ते नेटवर्कने नव्हे. कॉल तुटला तर रेंज गेली म्हणू नका, परत लावा.  सरांचं उत्तर रात्री आलं. “ऐकलं. हेच दाखवत जाऊ.”

आता राहिली मानीबाई. दिवाळी झाली, ममताला ताप आला, मग सासूचा पाय मुरगळला. कारणं मिळत गेली. खरं सांगायचं तर निशिगंधा ती शोधतच होती. शेवटी एका सकाळी सत्यशीलाबाईंनीच पोरीला काखेत घेतलं आणि म्हटलं, “जाय बरं. तिले पाहून ये.”

तांड्यावर कुलपं होती. टोळ्या ऊसतोडीला गेल्या होत्या. सुखीबाई तेवढी दारात उन्हाला बसली होती.

“गेले वो बाई. रूपसिंग, मानी, लेकरू, सब्बन. ट्रक आला, गेले.”

“मानीताईसुद्धा? बरी होती का ती?”

“बरी कायची. सांजच्याले दिसत नाही नीट. हात हालतेच अजून.” सुखीबाईने स्वतःचा हात पुढे करून दाखवला, कसा हलतो ते. “पन कोयत्याले जोडी लागते. एकट्या गड्याले कोन नेते? म्या म्हनलं, नोको जाऊ. थे मले म्हने, होते याडी, मी धरतो.”

ती आत गेली आणि फडक्यात बांधलेला संस्थेचा मोबाइल घेऊन आली. पुसून पुसून चकचकीत केलेला. “मानीनं ठेवेल हाय. मॅडमले देजो म्हने.”

रूपसिंगच्या नंबरवर निशिगंधाने तिथूनच फोन लावला. बंद. घरून लावला, बंद. रोज लावते. ‘रेंज नसेल’ असं आता ती स्वतःला म्हणू देत नाही. कुठे गेले, ते सुखीबाईलाही नीट माहीत नाही. कोणी सांगलीकडे म्हणतं, कोणी कर्नाटकात. हलत्या हातात कोयता आणि पुढ्यात उसाचं कांडकं, हे चित्र निशिगंधाला कोणत्याही टॉवरशिवाय दिसत राहतं.

म्हणून ती आता भेटेल त्याला सांगते. एसटीत सांगते, दवाखान्यात सांगते, ट्रेनिंगच्या शेवटी सांगते, आणि इथे तुम्हालाही तेच सांगणं आहे. तुमच्या बाजूला उसाचा फड असेल, आणि तिथे यवतमाळकडच्या तांड्याची टोळी उतरली असेल, तर एकदा जाऊन या. मानीबाई कोण, विचारा. बारीक चणीची, दंडावर गोंदलेलं, सोबत नुकतं चालायला लागलेलं लेकरू. ती ‘बरी हाव’ म्हणेल, ऐकू नका. वाट्टेल ते सांगा, ‘हो’ म्हणणारी बाई आहे ती. तिच्या हाताकडे बघा. आणि दिवस मावळताना तिच्यासमोर उभे राहा, आणि विचारा तिला, दिसून राह्यलं का?